उडता न येणाऱ्या माश्या

उडता न येणारी माशी मरत नाही. बाटलीत ती चालते, खाते, जोडी जमवते, अंडी घालते. स्नायूंच्या आजारांवरचं आमचं बहुतेक काम या एका सवलतीवर उभं आहे. उंदराच्या हृदयात किंवा श्वासपटलात मोडकं प्रथिन घातलं, तर पिल्लू कित्येकदा जन्मालाच येत नाही; आलं तरी अभ्यास पुरा होण्याआधी जातं. फळमाशीच्या छातीतला उड्डाणाचा स्नायू मात्र पार नासला तरी तिचं बाटलीतलं जगणं चालू राहतं, तिची प्रजा वाढते आणि तोच बिघाड पुढच्या पिढीत पुन्हा तपासायला मिळतो.

मी मूळची सांगलीकडची. काकांच्या पेरूच्या बागेत फळमाशीचे सापळे टांगलेले असायचे, त्यामुळे मी बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत फळमाश्या पाळते हे ऐकून घरच्यांना काही सुचेना. फोनवरून समजावून सांगितलं की बागेतली फळं नासवते ती बॅक्ट्रोसेरा, अंगाने चांगली मोठी. आमची ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारं चिलट, जेमतेम तीन मिलिमीटरचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली या जातीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात याचा भक्कम पुरावा त्यातून उभा राहिला. तेव्हापासून शंभरेक वर्षं माणसांनी या चिलटाचे डोळे, केस, पंख, चाल, झोप, सगळं निरखून लिहून ठेवलंय. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला ही सगळी पुंजी आयती मिळते. मलाही मिळाली.

त्या स्नायूबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तो समजल्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही. माशीचे पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा हलतात. एवढ्या वेगाने मज्जातंतूंना हुकूम सोडता येत नाहीत. स्नायूकडे सेकंदाला पाच-दहाच संदेश पोचतात. उरलेलं काम स्नायू आपसात भागवतात. छातीत त्यांचे दोन संच असतात, एक लांबीच्या दिशेने आणि एक उभा. ते पंखांना थेट जोडलेलेच नसतात, छातीच्या कवचाला जोडलेले असतात. एक संच आकसला की कवचाचा आकार बदलतो, त्याने दुसरा ताणला जातो आणि ताण बसला की तोही आकसतो. आपल्या हृदयाच्या स्नायूतही ताणाला असा प्रतिसाद देण्याचा गुण आहे, माशीइतका तीव्र नसला तरी. आतली यंत्रणा तर तीच: मायोसिनचे जाड तंतू, ॲक्टिनचे बारीक तंतू, आणि बारीक तंतूंवर बसलेली ट्रोपोमायोसिन आणि ट्रोपोनिन ही प्रथिनं. माणसात स्नायूंच्या मायोसिनची दहाहून अधिक जनुकं आहेत. माशीत एकच, तेच निरनिराळ्या तऱ्हांनी जुळवून ती सगळ्या स्नायूंची गरज भागवते. एका जनुकातला बिघाड त्याच्या भावंडाने सावरून घ्यावा आणि संशोधकाच्या नजरेतून तो निसटावा, असं इथे होत नाही.

रोजचं काम मात्र हातांचं असतं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार एकत्र शिजवून, बुरशी धरू नये म्हणून त्यात प्रोपिऑनिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. त्या आंबूस वासाची इतकी सवय होते की बाहेरून आलेल्या माणसाने नाकाला रुमाल लावल्यावरच तो जाणवतो. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगी द्यायची, मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने एकेक बाजूला करायची. मादी एकदा नराशी जुळली की त्याचं शुक्र कित्येक दिवस साठवून ठेवते, म्हणून कोणत्याही संकरासाठी कोऱ्या माद्या लागतात. २५ अंशांवर कोशातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ तास त्या जोडी जमवत नाहीत. तेवढ्यात त्या वेचायच्या. अंग फिकट असतं आणि पोटात एक काळसर ठिपका दिसतो, त्यावरून ओळखायच्या. म्हणजे पहाटे बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी वेचायच्या, रात्री पुन्हा. अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र दहा दिवसांचं, त्यामुळे आपलं वेळापत्रक माशी ठरवते. गणपतीला घरी जायचं तर आधी सगळे स्टॉक १८ अंशांच्या कपाटात हलवायचे. तिथे त्यांची वाढ निम्म्या वेगाने होते.

स्नायू कसा आहे ते बघायची सर्वांत साधी तऱ्हा मला अजूनही सर्वांत आवडते. माशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायची, धारदार पात्याने छाती उभी दुभंगायची, अल्कोहोलमधून काढायची आणि मिथाइल सॅलिसिलेटमध्ये ठेवायची. दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमांत असतं तेच हे रसायन. खोलीभर तोच वास दरवळतो. त्याने छाती पारदर्शक होते. मग ध्रुवित प्रकाशात पाहिलं की काळ्या पार्श्वभूमीवर लांबीच्या दिशेचे सहा स्नायू लखलखतात. निरोगी माशीत ते टोकापासून टोकापर्यंत भरीव, एकमेकांना समांतर. आजारी माशीत कुठे विरळ, कुठे तुटलेले, कुठे एका बाजूला गोळा झालेले. शरीरातली एवढी सुबक रचना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. ती मोडलेली पाहताना दरवेळी जिवाला लागतंच.

२००० साली स्वीडनमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरातली काही मुलं सांधे आखडलेले घेऊन जन्मत. वाढत्या वयात सांधे मोकळे होत, पण डोळ्यांची हालचाल मर्यादित राही आणि मोठेपणी अंगातलं बळ हळूहळू कमी होत जाई. मायोसिनच्या एका जनुकात, प्रथिनाच्या ७०६ व्या जागी, ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलेलं होतं. पण तो बदल आजाराचं कारणच आहे, आणि कारण असेल तर मायोसिनचं नेमकं काय बिघडतं, हे माणसाच्या स्नायूच्या तुकड्यावरून कळणं कठीण. रुग्णात चांगली आणि बिघडलेली प्रत शेजारी शेजारी असते, आणि त्यात इतर मायोसिनांचीही भेसळ. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात सॅनफर्ड बर्नस्टाइन यांच्या गटाने हा प्रश्न माशीत सोडवला. ज्यांच्या उड्डाणाच्या स्नायूत स्वतःचं मायोसिन तयारच होत नाही, अशा माश्या त्यांच्याकडे होत्या. त्यांच्यात तोच एक बदल केलेलं मायोसिनचं जनुक घातलं. आता त्या स्नायूत जे काही मायोसिन होतं ते सगळं आजारी. २०१२ साली निकाल आले: या माश्यांची उडण्याची आणि उडी मारण्याची ताकद खूपच खालावली होती, वेगळं काढलेलं मायोसिन ॲक्टिनला निरोगी मायोसिनच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वेगाने सरकवत होतं, त्याची डोकी कोसळून एकमेकांना चिकटत होती, आणि रुग्णांच्या स्नायूत दिसतात तसेच प्रथिनांचे गोळे माशीच्या स्नायूतही दिसत होते. हा शोधनिबंध मी आमच्या लॅबच्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा आपण ज्या बाटल्या धुतो त्यांचा स्वीडनमधल्या एका घराशी काय संबंध आहे ते मला पुरतं उमगलं.

पण असा प्रश्न माझ्यासमोर माणसाच्या तोंडून आला तो पुण्यात. स्नायूविकार असलेल्या मुलांच्या पालकांचा एक मेळावा होता, आणि मराठीत बोलणारं कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर बार्शीकडचे एक गृहस्थ पुढे आले. प्लॅस्टिकच्या फायलीत मुलाचा जनुकीय अहवाल होता, घड्यांवर झिजलेला. त्यात मायोसिनच्याच एका जनुकातला एक बदल लिहिला होता आणि समोर शेरा: अर्थ अनिश्चित.

"ताई, औषध नाही ते आम्हाला कळलंय," ते म्हणाले. "पण हे हेच का, एवढं तरी नक्की सांगाल का?"

मला सांगता आलं नाही. २०१५ पासून जगभरच्या प्रयोगशाळा अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञांच्या संस्थेची पाच पायऱ्यांची पद्धत वापरतात: आजार घडवणारा, बहुधा घडवणारा, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या पायरीवर अडकलेल्या कुटुंबाची कोंडी बाहेरच्याला लवकर कळत नाही. त्या शेऱ्यावर विसंबून पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येत नाही. मुलाच्या बहिणीला काही सांगता येत नाही. औषधांच्या चाचण्यांमध्ये नाव घालायचं तर तिथेही पक्कं निदान मागतात. आणि भारतातल्या माणसांच्या वाट्याला हा शेरा अधिक येतो, कारण एखादा बदल निरोगी लोकांत किती जणांत आढळतो हे ताडून बघायचं तर ज्या नोंदी हाताशी आहेत त्यांत आपली माणसं फार थोडी. इंडिजेन प्रकल्पाने हजाराहून अधिक आणि जीनोमइंडियाने सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले, ही मोठी सोय झाली. पण आपल्याकडे जातीजमातींमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं होऊन, इतके वेगवेगळे बदल साचलेत की तेवढ्याने भागणार नाही. अगरवाल समाजात कॅल्पेन-३ या जनुकातले दोन ठरावीक बदल वारंवार आढळतात आणि त्यामुळे कंबरेचे आणि खांद्यांचे स्नायू क्षीण होतात, हे आज माहीत आहे. त्या संशोधनात मुंबईच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. आपल्या इतर किती समाजांत असं काय काय दडलंय, ते शोधायचंच आहे.

त्या गृहस्थांची पत्नी थोडी मागे उभी होती. ते बाजूला गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "हे माझ्याकडून गेलं असेल का हो?" घरात तिला काय काय ऐकावं लागलं असेल ते त्या एका वाक्यात कळलं. मी म्हटलं, "वहिनी, तुमची दोघांची रक्ततपासणी झालीय का?" झालेली नव्हती. पुढे त्यांच्या डॉक्टरांनी ती करवून घेतली. बदल आईतही नव्हता, बापातही नव्हता. मुलात तो नव्यानेच झालेला होता. आई-बापात नसलेला बदल आजारी मुलात सापडणं हा या पद्धतीत भक्कम पुरावा धरतात, त्यामुळे शेरा एक पायरी वर सरकला. पुढच्या मुलाला तोच आजार होण्याची शक्यताही अगदी कमी, शून्य म्हणता येत नसली तरी. आणि ज्या प्रश्नाने त्या बाईची झोप उडवली होती त्याचं उत्तर नाही असं होतं.

इथे माशीची गरज पडली नाही. ती पडते तेव्हा, जेव्हा बाप हयात नसतो, किंवा आई-वडिलांची तपासणी होऊनही उलगडा होत नाही, किंवा जगात दुसऱ्या कुणात तो बदल सापडलेलाच नसतो. मग प्रयोगातला पुरावा लागतो. ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजमध्ये ह्यूगो बेलन यांच्या गटाने निदान न झालेल्या रुग्णांसाठी हेच काम पद्धतशीर उभं केलंय. माशीतलं ते जनुक काढून घ्यायचं, त्या जागी माणसाचं निरोगी जनुक घालायचं. माशी सावरली, तर रुग्णातला बदल असलेलं जनुक घालून बघायचं. आता सावरली नाही, तर तो बदल निरुपद्रवी आहे असं म्हणायला जागा राहत नाही. आपल्याकडे माश्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा बेंगळुरू, पुणे, वाराणसी, म्हैसूर, मुंबई अशा अनेक ठिकाणी आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबैद सिद्दिकींनी ही परंपरा रुजवली आणि त्यातूनच पुढे बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवविज्ञानाचं केंद्र उभं राहिलं. हात आहेत, माश्या आहेत. रुग्णालयातला अहवाल आणि ही कपाटं यांच्यात रुळलेली वाट तेवढी अजून नाही. ती व्हायला हवी असं मला फार तीव्रतेने वाटतं.

आता त्या माशीबद्दल, जिच्यामुळे मी या कामात कायमची गुंतले. तिचं नाव हेल्डअप. ती बसलेली असतानाही तिचे पंख वर उभे राहतात, मिटतच नाहीत. १९७७ साली होमिक आणि शेपर्ड यांनी उडता न येणाऱ्या माश्या शोधून काढल्या त्यांत असे वर उभ्या पंखांचे अनेक प्रकार होते, आणि पुढे कळलं की त्यांतले बरेचसे स्नायूंच्या प्रथिनांचे बिघाड आहेत. हेल्डअपच्या एका वाणात ट्रोपोनिन-आय या प्रथिनात एका ॲलनिनच्या जागी व्हॅलिन आलंय. ट्रोपोनिन म्हणजे स्नायूचा ब्रेक. कॅल्शियम आलं की तो सुटतो, गेलं की लागतो. या माशीत तो नीट लागत नाही. स्नायू कोशात असताना व्यवस्थित घडतो, सहाच्या सहा स्नायू तयार होतात, आणि मग आवर नसल्यामुळे आकसत आकसत स्वतःलाच फाडून घेतो. आजार इथे ताकद कमी पडल्यामुळे होत नाही, ताकद थांबवता न आल्यामुळे होतो. स्नायूंचा आजार म्हणजे अशक्तपणा, एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

आणि याच माशीला बरं करणारे दुसरे बिघाड सापडले. मायोसिनच्या डोक्यात ठरावीक जागी बदल झाला तर हेल्डअपचे स्नायू फाटत नाहीत. १९९९ साली बर्नस्टाइन यांच्या गटाने असे चार बदल दाखवले. मायोसिनमधले दुसरे कितीतरी बदल तपासले, त्यांनी फरक पडला नाही. मायोसिन पूर्ण काढून टाकलं तरीही नाही. जागा नेमकी हवी. या संकराचा निकाल मी आधी वाचलेला होता, तरी तो स्वतः करून पाहिला. कोशातून बाहेर आलेल्या माश्यांचे पंख अंगासरसे मिटलेले होते. छाती दुभंगून ध्रुवित प्रकाशाखाली धरली, तर सहा रेषा सलग. दोन वेगवेगळ्या जनुकांत दोन चुका, आणि एकत्र आल्यावर स्नायू शाबूत. सगळेच बदल सारखे सावरत नाहीत, हे खरंच. पण मोडलेलं प्रथिन दुरुस्त न करताही स्नायू वाचवता येतो, एवढं त्या बाटलीत स्पष्ट दिसत होतं.

याचं मोल केवढं आहे ते नंतरच्या वर्षांत दिसलं. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारावर अमेरिकेत २०२२ मध्ये मॅव्हॅकॅम्टेन या औषधाला मान्यता मिळाली. ते बिघडलेलं जनुक बदलत नाही. मायोसिनचा जोर कमी करतं. ते औषध माशीतून आलेलं नाही आणि तसा दावा कुणी करू नये. पण जास्त आकसणाऱ्या स्नायूला मायोसिनच्या बाजूने आवरता येतं, हा विचार माश्यांच्या संकरांनी कितीतरी आधी डोळ्यांना दाखवला होता.

कधी तर गाडी माशीकडूनच आधी सुटते. मसलब्लाइंड हे जनुक १९९७ साली माशीत सापडलं. ते नसलं तर तिचे डोळे आणि स्नायू नीट घडत नाहीत. तीन वर्षांनी मायोटोनिक डिस्ट्रोफीवर काम करणाऱ्यांना माणसातलं तेच प्रथिन अगदी अनपेक्षित जागी भेटलं. या आजारात डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात, कधी शेकडो, कधी हजारो वेळा. त्यापासून बनलेल्या आरएनएला हे प्रथिन चिकटून बसतं आणि स्वतःच्या कामाला उरत नाही. माशीचे डोळे तपासणाऱ्यांना त्याचा असल्या आजाराशी संबंध असेल याची कल्पनाही नव्हती.

माशीत सगळं मिळतं असं नाही. ड्युशेन हा स्नायूविकार झालेल्या मुलाच्या स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि चिवट ऊती घेतात, तसं माशीत घडत नाही. तिला फुप्फुसं नाहीत, आणि आपल्यासारखी शिकत जाणारी प्रतिकारशक्तीही नाही. प्रौढ माशीचा स्नायू जखम झाल्यावर स्वतःला सावरत नाही असंही पुष्कळ काळ मानलं जाई. २०१७ मध्ये एनसीबीएसच्या गटाने त्यात राखीव पेशी असल्याचं दाखवलं, तेव्हा ती समजूत बदलली. माशीने दिलेलं उत्तर पुढे उंदरात, माणसाच्या पेशींत, आणि शेवटी रुग्णांत तपासावंच लागतं. त्याला वर्षं जातात, आणि आजारी मुलाच्या आईला वर्षांचा हिशेब सांगणं फार जड जातं.

म्हणून ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना एवढंच सांगते. जनुकीय अहवालाच्या प्रती काढून ठेवा. त्यात जनुकाचं नाव आणि बदलाची नेमकी जागा लिहिलेली असते, तीच आम्हाला लागते. आई-वडील दोघांचीही तपासणी करून घ्या, जमल्यास भावंडांचीही. शेरा अनिश्चित असेल तर तो शेवटचा समजू नका. दोन-तीन वर्षांनी तोच अहवाल पुन्हा तपासून द्यायला डॉक्टरांना सांगा, कारण मधल्या काळात नोंदी वाढलेल्या असतात आणि कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी तोच बदल माशीत घालून पाहिलेला असू शकतो.